दाजींचा कुलूपबंद कप्पा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भित्रे आहेत. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. जेवायला समोर बसून बोलतो आणि ते घास चावत मान डोलावतात. लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी ते आतली पाटी वाचतात आणि उभ्या माणसांची वजनं डोळ्यांनी जोखतात. एखादे भारदस्त गृहस्थ शिरले की दाजींना नेमकं बाहेरचं काम आठवतं. कुणाला निरोप पाठवला की लगेच फोन करून विचारतात, "निरोप मिळाला ना?" आणि फोन ठेवल्यावर ताईला विचारतात, "तो माझ्याशी जरा तुटक बोलला का गं?" दूध तापवायला ते गॅससमोर असे उभे राहतात की दूधच बिचारं वर यायला घाबरतं, असं ताईचं म्हणणं.

अशा माणसाच्या हाती आमच्या हॉस्पिटलने सगळी साठवण दिली होती. त्या इमारतीत याहून शहाणा निर्णय दुसरा कुठला झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हॉस्पिटल घशाचं आणि गळ्याचं. मी तिथे वॉर्डांतले कंप्यूटर आणि प्रिंटर सांभाळतो, म्हणजे मुख्यतः अडकलेले कागद ओढून काढतो. दाजी सर्व्हर सांभाळतात. तळमजल्यावर, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, त्यांची एक थंडगार खोली आहे. बाहेर साबणाचा वास आणि आत पंख्यांची घरघर. दाजी तिथे बारा महिने स्वेटर घालून बसतात.

या कामात असतं काय, हे त्यांनी एकदा जेवताना ताईला समजावलं होतं.

"समज, आठ डिस्क आहेत. वेगवेगळ्या ठेवल्या तर जी जाईल तिच्यातलं सगळं गेलं. म्हणून त्या एकत्र बांधायच्या आणि एकच मोठा साठा करायचा. त्याला आमच्याकडे पूल म्हणतात. दोन डिस्क मेल्या तरी साठा जिवंत राहतो."

"आणि तीन मेल्या तर?" ताईने विचारलं.

दाजींचा घास हातातच राहिला. "जेवताना असं बोलू नये."

"बरं, नाही मरत. पुढे?"

"पुढे त्या साठ्याचे कप्पे पाडायचे. ते डेटासेट. तपासण्यांचा एक, फोटोंचा एक, आवाजांचा एक. ज्याला त्याला आपलं कुलूप, आपली मर्यादा. आता हा कप्पा लोकांना दिसणार कुठे? तर भिंतीत कोनाडा असतो बघ, तसं सर्व्हरवर एक रिकामं फोल्डर असतं. ते मोठ्या साठ्यात नसतं, यंत्रणा ज्या छोट्या डिस्कवर चालते तिच्यावर असतं. त्या कोनाड्यासमोर कप्पा आणून उभा करायचा. याला माउंट करणं म्हणतात. लोक कोनाड्याच्या नावाने सामान टाकतात आणि ते जातं कप्प्यात."

"म्हणजे कोनाड्यापुढे कपाट लावल्यासारखं."

"अगदी!"

"मग कपाटामागे धूळ बसत असेल."

"मागे काही नसतं. कोनाडा रिकामाच असतो," दाजी म्हणाले आणि आणखी थोडा भात मागितला. बायकोला आपलं काम कळलं याचा आनंद त्यांना फार झाला होता.

दाजींची कामाची एक पद्धत होती. कप्पा काढायचा, हलवायचा, पुसायचा असला की ते हुकूम टाइप करत आणि दोन्ही हात उचलून पाठीमागे बांधत. मग कुणालातरी ती ओळ मोठ्याने वाचायला लावत. बहुतेक वेळा मला.

"वाचा, मेव्हणे."

"दाजी, तुम्हीच टाइप केलंय की."

"डोळे आपल्याला हवं ते वाचतात. तोंड आहे तेच वाचतं. वाचा."

मी शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग एकाच बोटाने बटण दाबायचे. आम्हा दोघांना असं पाहून चादरी धुणाऱ्या मावशी म्हणायच्या, "झाली का यांची पोथी सुरू!"

सगळ्या कप्प्यांमध्ये दाजींना धाक होता तो आवाजांच्या कप्प्याचा. ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असतं अशा माणसांना आमच्या वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम ऑपरेशनआधी एका बंद खोलीत बसवतात आणि त्यांच्याकडून वाक्यं म्हणून घेतात. घरच्यांची नावं, रोजचं बोलणं, काय हवं ते. नंतर त्या माणसाला एक छोटं यंत्र मिळतं. ते साठवलेली वाक्यं त्याच्याच आवाजात ऐकवतं आणि नवी वाक्यंही त्याच आवाजात जुळवून म्हणतं. तपासणी हरवली तर पुन्हा करता येते. फोटो पुन्हा काढता येतो. हा आवाज मात्र ऑपरेशननंतर जगात फक्त त्या कप्प्यात उरतो.

म्हणून दाजींनी त्या कप्प्याला जबर कुलूप घातलं होतं. सर्व्हर बंद होऊन सुरू झाला की बाकीचे कप्पे आपोआप जागेवर येत. हा येत नसे. पासवर्ड दिल्याशिवाय तो उघडतच नसे, आणि पासवर्ड फक्त दाजींच्या डोक्यात. "कुणाला सांगितला तर तो कुठेतरी लिहून ठेवेल," ते म्हणत. मी म्हटलं, "आणि तुम्ही आजारी पडलात तर?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना आजारी पाडणार आहे.

आणि ते पडलेच आजारी. चांगला अंग भाजणारा ताप आला. त्याच आठवड्यात वायरमन सर्व्हरच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला आला. त्याने रीतसर सांगून सर्व्हर बंद केला, बॅटऱ्या बदलल्या, सर्व्हर चालू केला, हिरवे दिवे लागलेले पाहिले आणि गेला. मीही ते दिवे पाहिले होते. फार छान हिरवे होते.

दाजी परत आले ते तोंडाला मफलर लावून. पाहतात तर आवाजांचा कप्पा बंद. त्यांनी मला बोलावून ओळ वाचून घेतली, पासवर्ड दिला, कप्पा जागेवर लावला. आत जुने सगळे आवाज जसेच्या तसे. दाजींनी सुस्कारा सोडला. यंत्रणेची छोटी डिस्क तेवढी कुरकुरत होती, अधूनमधून वाचताना अडखळत होती. तिचं आयुष्य संपत आलं होतं. दाजींनी नवी डिस्क बसवली, तिच्यावर यंत्रणा नव्याने घातली, आठ डिस्कांचा साठा तिला जोडून दिला, कप्पे लावले. जुनी डिस्क त्यांनी भंगाराच्या खोक्यात टाकली. आमच्याकडे नियम असा की कुठलीही काढलेली डिस्क बाहेर जाण्याआधी सुतारमिस्त्री तिला आरपार भोक पाडतात. रुग्णाचं काही बाहेर जायला नको.

"हिच्यावर तसं काही नाहीच," दाजी म्हणाले होते, "नुसती यंत्रणा."

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. मी दाजींच्या खोलीतच होतो. दाजींनी फोन कानाला लावला आणि मी त्यांचा चेहरा पाहत राहिलो. दूध नासताना दिसतं तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर झालं.

"कोण?" मी विचारलं.

"क्लचमास्तर," ते म्हणाले. "त्यांचा आवाज सापडत नाहीये."

क्लचमास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ. अर्ध्या गावाला त्यांनी शिव्या घालून गाडी शिकवली होती. दाखल झाले तेव्हा आवाज बसलेला होता, तरी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. स्ट्रेचर ढकलणाऱ्यालासुद्धा म्हणाले होते, "वळताना आरसा बघ की रे!" त्यांचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. गळ्याला भोक, त्यात नळी. स्वरयंत्र गेलेलं.

मॅडम धावतच खाली आल्या. "मी स्वतः म्हणून घेतलंय हो सगळं! अख्खा दिवस बसले होते. आता त्यांच्या यंत्रात भरायला घेतलं तर त्यांच्या नावाचं काहीच नाही. दुपारी यंत्र देणार म्हणून सांगून बसलेय मी त्यांना."

"कुणी पुसलं असेल," दाजी म्हणाले. "पुसलं असलं तरी ठसे आहेत."

रोज संध्याकाळी प्रत्येक कप्प्याचा, त्या क्षणी जसा आहे तसा, एक ठसा घेतला जातो. आज पुसलेलं कालच्या ठशात सापडतं. दाजींनी रेकॉर्डिंगच्या दिवसाचा ठसा उघडला. काही नाही. दुसऱ्या दिवसाचा उघडला. काही नाही. मी मागे उभा होतो आणि मला त्यांची मान दिसत होती. इतक्या थंड खोलीत त्यांच्या मानेवर घाम आला होता.

"ते कप्प्यात कधी आलंच नाही," ते हळूच म्हणाले.

"असं कसं?" मॅडम म्हणाल्या. "माझ्या यंत्रावर 'साठवलं' म्हणून येत होतं. प्रत्येक वाक्याला!"

दाजींनी हात पाठीमागे बांधले. समोर हुकूम नव्हता, वाचायला काही नव्हतं, तरी बांधले. "कुठल्या दिवशी म्हणून घेतलंत, मॅडम?"

मॅडमनी दिवस सांगितला. मी म्हटलं, "त्याच्या आदल्याच दिवशी वायरमन आला होता."

यापुढे दाजी जे बोलले ते आमच्याशी नव्हतं. "सर्व्हर चालू. कप्पा बंद, कारण पासवर्ड माझ्यापाशी. म्हणजे कोनाड्यासमोर कपाट नव्हतंच. मॅडमच्या यंत्राने नाव पाहिलं, कोनाडा पाहिला, सामान आत ठेवलं. त्याला काय कळतंय? नंतर मी आलो आणि कपाट लावलं. त्याच्यापुढे."

"मग मागेच असेल की!" मी म्हटलं. "कपाट सरकवा आणि बघा."

"कोनाडा जुन्या डिस्कवर होता, मेव्हणे."

मला समजायला एक क्षण लागला. मॅडमना समजलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती डिस्क भोक पाडायला गेलीय."

दाजी उठले ते खुर्ची पाडून. माझ्या भाच्यांच्या शाळेच्या शर्यतीतसुद्धा पालकांच्या गटात पाय मुरगळण्याच्या भीतीने चालत गेलेला हा माणूस. तो ओल्या चादरींच्या ढिगाऱ्यांमधून, मावशींना "सरका, सरका" म्हणत पळत सुटला. मी मागे. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये सुतारमिस्त्रींचं टेबल होतं. आम्ही बाहेर असतानाच ड्रिलचा आवाज येत होता. दाजी शेडच्या दारात थांबले. मला म्हणाले, "तुम्ही बघा. मला नाही बघवत."

मिस्त्री एका दाराच्या चौकटीला भोक पाडत होते. "काय झालं? आग लागली?"

"डिस्क! डिस्क कुठायत?"

"त्या काय." त्यांनी हनुवटीने कोपरा दाखवला. एका डब्यात डिस्कांचा ढीग होता आणि वरच्या सगळ्यांच्या मधोमध गोल, स्वच्छ, पलीकडचं दिसणारं भोक. मिस्त्रींचं काम नेहमीच देखणं.

"सगळ्यांना पाडलं?"

"जेवढ्यांना पाडलं तेवढ्यांना पाडलं. मग ड्रिलचं टोक तुटलं. लोखंड आहे हो ते, भोपळा नव्हे. उरलेल्या खाली आहेत, आता घेणारच होतो."

दाजी आत आले. डब्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि एकेक डिस्क उचलून बाजूला ठेवू लागले. भोकाची, भोकाची, भोकाची. आपल्या डिस्कचा नंबर त्यांना पाठ होता. खालच्या थरात तीन न पाडलेल्या निघाल्या. पहिलीवरचा नंबर त्यांनी पाहिला आणि ती माझ्यापुढे धरली.

"वाचा."

मी डिस्क त्यांच्या हातातून घेतली आणि नंबर वाचला. तीच होती. तिच्या बरोबर मध्यावर मिस्त्रींनी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती.

मला वाटलं, सुटलो. मी मिस्त्रींच्या पाठीवर थापसुद्धा मारली. दाजींचा चेहरा मात्र होता तसाच. "ही मरायला टेकलेली म्हणूनच काढली होती," ते म्हणाले. "पुन्हा चालू केली की किती वेळ चालेल सांगता येत नाही. एकदाच वाचता येईल, असं धरून चालायचं."

ती दुपार मला विसरता येत नाही. दाजींनी डिस्क फक्त वाचायला म्हणून जोडली. तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशी सोय केली. फायली उघडून बघायचा मोह मलाच होता. ते म्हणाले, आधी अख्ख्या डिस्कची नक्कल. जिथे अडेल तिथे सोडून पुढे जायचं, वेळ राहिला तर सोडलेल्या जागी परत यायचं. हुकुमाची ओळ माझ्याकडून त्यांनी पुन्हा पुन्हा वाचून घेतली, कारण ती सोय फसली आणि त्या ओळीत कुठून कुठे हे उलटं पडलं, तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरली असती. मग बटण दाबलं.

डिस्क आधी गुणगुणली. मग टिक, टिक वाजली. मग गप्प झाली आणि पुन्हा गुणगुणली. दर वेळी ती गप्प झाली की दाजी श्वास धरत आणि मीही. मॅडम दारात उभ्या होत्या. मधेच ताईचा फोन आला. मी उचलला तर म्हणाली, "हे सकाळपासून फोन उचलत नाहीयेत. बरे आहेत ना?" मी म्हटलं, "बरे आहेत. घाबरलेत." ती म्हणाली, "मग बरेच आहेत." पण फोन तिने ठेवला नाही. काही वेळ तशीच ऐकत राहिली, आमच्याकडची टिक टिक.

उन्हं उतरली तेव्हा डिस्क एकदा कण्हली आणि थांबली. पुन्हा सुरू झालीच नाही. दाजींनी नक्कल उघडली. कोनाडा होता. कोनाड्यात क्लचमास्तरांच्या नावाचं फोल्डर होतं. दाजींनी पहिल्या फायलीवर बोट ठेवलं आणि खोलीत आवाज घुमला: "क्लच! अरे क्लच दाब! पाय आहे की लाकूड?"

मॅडम रडायला लागल्या. दाजी हसले नाहीत, रडलेही नाहीत. एकेक फाईल तपासत राहिले. वाक्यं जवळजवळ सगळी आली होती. शेवटची तीन तेवढी उघडत नव्हती. सोडलेल्या जागांमध्ये ती गेली होती आणि परत जायला आता डिस्क उरली नव्हती.

"एवढं काही नाही," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "बाकीच्यांवरून यंत्र ती जुळवून म्हणेल. सांगायचीसुद्धा गरज नाही."

दाजी म्हणाले, "मी येतो वर." मग स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा घातला.

क्लचमास्तर उशीला टेकून बसले होते. मांडीवर लिहून पुसायची छोटी पांढरी पाटी. शेजारी स्टुलावर त्यांच्या पत्नी. मॅडमनी यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि पहिलं वाक्य वाजवलं. क्लचमास्तरांनी डोळे मिटले. चादरीखाली त्यांचा उजवा पाय हलला आणि काहीतरी दाबून धरल्यासारखा थांबला. दुसरं वाक्य, तिसरं, मुलीचं नाव. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "आला बाबा परत! चार दिवस शांत झोपलो होतो."

दाजी खाटेच्या कठड्याला धरून उभे होते. "मास्तर, शेवटची तीन वाक्यं आली नाहीत. डिस्कमध्ये राहिली. आता येणार नाहीत."

क्लचमास्तरांनी पाटीवर लिहिलं: 'कुठली?'

"'आभारी आहे.' 'काळजी करू नकोस.' आणि 'माझं चुकलं, मला माफ कर.'"

क्लचमास्तरांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, पण आवाज नसल्यामुळे आम्हाला समजायला वेळ लागला. त्यांनी लिहिलं: 'ती तर मी कधी म्हणतच नाही.'

"खरंय हो, खरंय!" त्यांच्या पत्नी हसत म्हणाल्या. "उभ्या जन्मात नाही!" सगळेच हसले. मी तर जरा जास्तच.

आम्ही बाहेर पडलो आणि लिफ्टपाशी आलो, तर मास्तरांच्या पत्नी मागून आल्या. हसू गेलेलं होतं.

"भाऊ, ते शेवटचं खरंच गेलं?"

"कुठलं, वहिनी?" दाजींनी विचारलं.

"माफीचं. त्या दिवशी मी खोलीबाहेर बाकावर होते. ते दार नीट लागत नाही. आधी म्हणाले, हे वाक्य नको. मॅडम म्हणाल्या, राहू द्या. मग आपणहूनच म्हणाले. आधी माझं नाव घेतलं आणि मग म्हणाले." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडमच्या वाक्यांच्या कागदावर माझं नाव नव्हतं. मी आशा लावून होते की कधीतरी यंत्रात चुकून वाजेल."

"यंत्र जुळवून म्हणू शकेल," मी आपलं म्हटलं.

"यंत्र म्हणेल हो. त्यांनी म्हटलेलं नसेल."

दाजी भिंतीला टेकले. मला वाटलं, आता हे काहीतरी पुटपुटून पायऱ्यांनी खाली पळतील. पण ते सरळ झाले आणि म्हणाले, "ते माझ्यामुळे गेलं, वहिनी. कुलूप मी घातलं. किल्ली कुणाला दिली नाही, भीतीपोटी. आणि कपाट लावताना मागे काय आहे ते मी पाहिलं नाही."

कपाट कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही. रागावतील असं वाटलं, पण त्या म्हणाल्या, "मग एक करा. तुम्हीच आत जा आणि त्यांना सांगा की मी ऐकलं होतं. इतके दिवस माझ्याच्याने बोलवत नाहीये."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. वाचायला ओळ नव्हती, मी काय मदत करणार! त्यांनी स्वेटरची बाही खाली ओढली, वॉर्डाचं दार ढकललं आणि आत गेले.

दाराच्या काचेतून मला दिसत होतं. दाजी खाटेवर वाकून बोलत होते, हात मधेच पाठीमागे जात होते आणि परत पुढे येत होते. क्लचमास्तर समोर बघत होते. दाजींचं बोलून झालं. मग त्यांनी पाटी ओढली. लिहिताना थांबले, पुसलं, परत लिहिलं. वहिनी दाराकडे पाठ करून खिडकीशी उभ्या होत्या.

दाजींनी पाटी न वाचता उचलली. अक्षरांना बोट लागू नये म्हणून दोन्ही हातांनी नुसत्या कडा धरल्या, खांद्याने दार लोटलं, पावलं मोजत व्हरांडा ओलांडला आणि ती वहिनींच्या हातात दिली.